ही हाक कोणाची

तिसऱ्यांदाही बेल वाजली नाही.

देवरावांनी कीबोर्डवरचा हात काढून घेतला. काचेपलीकडे, बुटीबोरीच्या त्या कारखान्यातली सूत रंगवायची टाकी बंद होती. टाकी जास्त तापली की सिरियल पोर्टच्या तारेवरून इथल्या कॉम्प्युटरला संदेश येतो आणि बेल वाजते. तो संदेश त्यांनी हाताने पाठवून पाहिला होता. तीनदा.

आठ दिवसांपूर्वी दुपारी टाकी तापली आणि सगळं सूत वाया गेलं. ड्यूटीवर मनकर्णाबाई होत्या. बेल वाजलीच नाही, असं त्या म्हणत होत्या. बेल ठीक आहे, असा अहवाल देवरावांनी दिला. आज चार वाजता मनकर्णाबाईंना कामावरून काढणार होते. देवरावांना फक्त अहवालावर सही करायला बोलावलं होतं. सहीआधी एकदा पाहावं, म्हणून ते इथे बसले.

त्यांनी कोड उघडला. अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेला. पाण्याचं मीटर आणि ही बेल, दोन्ही कॉम्प्युटरमधल्या एकाच जुन्या कार्डावर. दोघांना मिळून इंटरप्टची, म्हणजे कॉम्प्युटरला हाक मारायची, एकच लाइन. लाइनवर हाक आली की एकेका ड्रायव्हरला, म्हणजे ते ते यंत्र सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारलं जातं, ही तुझी का? मीटरचा ड्रायव्हर काहीच न तपासता 'माझी' म्हणत होता. मग पुढे बेलच्या ड्रायव्हरला कोणी विचारतच नव्हतं. कारखान्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर मीटरचा नंबर शेवटचा होता, म्हणून इतकी वर्षं निभावलं. महिन्यापूर्वी कॉम्प्युटर बदलला आणि तो पहिला झाला.

आणि अहवाल? ती तपासणी त्यांनी घरीच, आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर केली होती; तिथे मीटर अजून शेवटीच होतं, बेल वाजली. कारखान्यात जायचं, चार अनोळखी माणसांना विचारायचं, हे त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

मीटरने आधी तपासावं, मग 'माझी' म्हणावं, अशी त्यांनी एक ओळ बदलली. संदेश पुन्हा पाठवला; बेल खणखणली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. आता गप्प बसलं तर कोणालाच कळणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. ते मनात आलं याचीच त्यांना इतकी लाज वाटली, की ते उठलेच.

मॅनेजर हर्षितच्या केबिनमध्ये मनकर्णाबाई खाली मान घालून उभ्या होत्या.

"या सर. काम झालं," हर्षित म्हणाला. "चार दिवस बाईची एकच टेप चालू, वाजलीच नाही, वाजलीच नाही. तुमचा रिपोर्ट वाचून दाखवला तशी चूप झाली. आता लिहूनच देल्लं, झोप लागली होती म्हणून."

"बेल वाजली नव्हती," देवराव म्हणाले. "चूक माझ्या ड्रायव्हरमध्ये आहे. अहवाल चुकीचा आहे. मी इथे येऊन पाहिलंच नव्हतं."

"मजाक करून राहिले का सर?"

देवरावांनी दोघांना कॉम्प्युटरपाशी नेलं. जुना कोड घातला; बेल गप्प. नवा घातला; वाजली. पुन्हा जुना, पुन्हा नवा. हर्षितने बाईंनी लिहून दिलेला कागद फाडला.

"जा बाई, उद्यापासून ड्यूटीवर या. सरांनी वाचवलं तुमाले."

देवरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

बाहेर व्हरांड्यात ते थांबून राहिले. माफी मागायची होती. वाक्य दोनदा मनात जुळवलं, दोनदा मोडलं. तेवढ्यात मनकर्णाबाईच जवळ आल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज उतरवला.

"काहून एवढं खोटं बोलले सर, माह्यासाठी? तुमच्यासारख्या शिकल्या माणसानं बेल ठीक हाय असं लिवलं, तवाच मले समजलं का माहाच डोळा लागला असन."