पट्ट्यांची रांग

“डावरे, खालची रांग अजून भरलेलीच? बाकी मशीन रिकामं झालं की.”

“काढते ना, काकू. घाई काय लागलीये.”

काकू टेम्पो आणि तोंड, दोन्ही न थांबता चालवायच्या. बसस्टॉपवरचं, नाणं टाकलं की वस्तू देणारं हे मशीन आज इथून हलणार होतं. स्टॉप पाडून नवा बांधायचा होता. मशीन पुढं कुठं जाणार, ते वरच्यांनाच ठाऊक. सॅनिटरी पॅड, छोट्या साबणवड्या, टूथब्रश, उवांचा शॅम्पू. दुकानात महाग मिळणारं सगळं इथं चिल्लरीत मिळायचं. ते सगळं डावरीनं स्प्रिंगांमधून ओढून क्रेटमध्ये टाकलं होतं. फक्त जखमेवरच्या पट्ट्यांना हात लागत नव्हता.

“दुसऱ्या कुठल्याच मशीनमध्ये खपत नाहीत या,” काकू म्हणाल्या. “वरून निरोपावर निरोप, पट्ट्या काढा, पॅड भरा. तू ऐकशील तर शपथ. प्रेमप्रकरण आहे का काय तुझं पट्ट्यांशी?”

“आहे.”

“मग निरोप घे आणि उरक. मी क्रेट चढवते तोवर.”

मशीनचा खालचा ट्रे पुसणं हे तिचं काम. लोक त्यात काय वाट्टेल ते टाकायचे. तिकिटं, चघळलेलं च्युइंगगम, एकदा तर कुणाची तरी कवळी. पण इथल्या ट्रेमध्ये दर खेपेला पट्टीचं रिकामं पाकीट सापडायचं. लांबट घडी घातलेलं, मधोमध गाठ मारलेलं, गाठीचं शेपूट उजवीकडं.

अशी गाठ तिची आई मारायची. आई लाँड्रीत इस्त्री करायची, बोटं सारखी भाजायची. पट्टी लावली की पाकिटाची घडी, घडीची गाठ. “गाठ मारली की कचरा शहाणा होतो,” म्हणायची, “उडत नाही कुठं.” समोर बसवून लेकीलाही शिकवली. लेक डावखुरी. तिची गाठ हटकून उलटी पडायची, शेपूट डावीकडं. आई पोट धरून हसायची, पण सोडून पुन्हा मारायला लावायची नाही.

मग एका दुपारी, आई कामावर असताना, बाबांनी सामान बांधलं, तिला उचललं आणि शहर सोडलं. पुढं तिनं कितीही विचारलं तरी उत्तर एकच. “ती विसरली तुला. तूही विसर.” लेक काही विसरली नाही. शाळा मात्र सोडली, आधी बाबांशी भांडून, मग मास्तरांशी भांडून. हे काम धरलं ते टेम्पो गावोगाव फिरतो म्हणून.

ट्रेमध्ये पहिली गाठ सापडली तेव्हा ती तिथंच फरशीवर बसली होती. त्यानंतर या मशीनमध्ये पट्ट्या कधी कमी पडू दिल्या नाहीत. पट्टी संपली तर आई दुसरीकडं जाईल, एवढंच डोक्यात. थांबून बघायची सोय नव्हती. पुढची मशीनं खोळंबलेली असायची आणि काकू हॉर्नवरचा हात काढायच्या नाहीत. आज मशीन रिकामं होईपर्यंत थांबता येण्यासारखं होतं. आजच्यानंतर नाही.

“हे मशीन मेलं का?”

ती दचकून वळली. पाच-सहा वर्षांची पोरगी. एक वेणी घट्ट, एक सुटलेली. समोरचा दात पडलेला.

“मेलं नाही. घर बदलतंय. तुला काय पाहिजे?”

“पट्टी. आईचं बोट भाजलं इस्त्रीनं. ती तिकडं बसच्या रांगेत आहे. रांग सोडली की लोक आत घुसतात.”

डावरीनं हातातलं फडकं ट्रेवर ठेवलं.

“ट्रेमध्ये गाठी मारून पाकिटं तूच टाकतेस?”

“मग. गाठ मारली की कचरा शहाणा होतो. माहीत नाही तुला?”

डावरीच्या डोक्यात सणक गेली. म्हणजे बाबा खरं बोलत होते. आईला दुसरी मुलगी मिळाली. तीच गाठ, तेच वाक्य, जुन्या फ्रॉकसारखं धाकटीच्या अंगावर चढवलेलं. आणि आपण वेड्यासारखी रांग भरत बसलो. वाटलं, सगळ्या पट्ट्या ओढून काढाव्यात आणि फेकाव्यात रस्त्यावर. मान वळवली असती तर बसची रांग दिसली असती. तिनं मान वळवली नाही.

“दे ना लवकर,” पोरगी म्हणाली. “बस येईल. बघ, पैसे आणलेत मी.”

“ठेव तुझ्याकडं.”

तिनं रांगेतून एक पाकीट खेचलं, फाडलं, पट्टी पोरीच्या हातावर ठेवली. आता ही गेली की क्रेट उचलायचा, टेम्पोत बसायचं, या गावाचं नाव काढायचं नाही. डोक्यात हे चालू होतं आणि हात आपले आपण चालत होते. पोरीनं हातातून पाकीट काढून घेतलं तेव्हा तिला कळलं, आपण त्याची घडी घातली होती. गाठही मारली होती.

पोरगी ते ट्रेमध्ये टाकायला वाकली आणि तशीच थांबली. गाठ डोळ्यांजवळ नेली. शेपटाला बोट लावलं. मग डावरीच्या डाव्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं, बराच वेळ.

“आई पण रोज मारून बघते अशी उलटी,” ती हळूच म्हणाली. “तिला जमतच नाही. म्हणते, ही फक्त तुझ्या ताईला येते.”