मागच्या खोलीबद्दल

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं दादा स्वतःला सांगत होता. खरं तर ते राहून गेलं नव्हतं. त्याने ते अठरा दिवस टाळलं होतं. पत्र घर घेऊ पाहणाऱ्या नर्सबाईंचं होतं. निळी शाई, मोजक्या ओळी. 'घर आवडलं. आई अंथरुणाला खिळलेली आहे, मागची खोली तिला देणार. मी दिवसभर ड्यूटीवर असते. त्या खोलीबद्दल मला काही कळायला हवं असेल तर कृपया कळवा.'

दादाने पाच उत्तरं लिहून फाडली. एक फार लांबलं, एकाचा सूर त्याला स्वतःलाच उद्धट वाटला, आणि एक तर सुरुवातीला 'सप्रेम' घालावं की 'सादर', यावरच अडलं. धाकट्या भावाला सुगावा लागला तेव्हा तो म्हणाला, "तुला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोललास तर घर खपत नाही. तू आपली पुस्तकं वाच. नाहीतर या भिंतींबरोबर आपण दोघंही खचणार."

मागच्या खोलीचा कोपरा खचत होता. हे दोघा भावांना माहीत होतं, आणि सुताराला. त्याने दाराला तीनदा रंधा मारला होता. भेगा बुजवून भावाने वर हिरवा रंग दिला होता. पथ्य एकच: दार पूर्ण लावायचं नाही. लावलं की ते चौकटीत असं रुतायचं की बाहेरून पहार घालावी लागायची.

आज सकाळी नर्सबाई घर तपासायला इंजिनिअर घेऊन आल्या. बेल वाजताच दादा उठला. परक्या माणसाच्या नजरेला नजर देणं त्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. हातातलं पुस्तक घेऊन तो मागच्या खोलीत सटकला आणि घाईघाईत दार लावून बसला. खट् आवाज झाला, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

त्याने कडी ओढली. पाय चौकटीला लावून ओढली. दार ढिम्म. खिडकीला गज होते.

बाहेर इंजिनिअर भिंतींवर टिचक्या मारत होता, नळ सोडत होता. मग तो आणि नर्सबाई गच्चीवर चढले आणि भावाच्या चपला दाराशी वाजल्या.

"दादा, आत आहेस?"

"दार लागलं रे."

"धन्य आहेस!" भाऊ कुजबुजला. "आता तासभर हूं की चूं करू नकोस. पुस्तक आहे ना?"

"आहे."

"मग तुझं काय अडलंय?"

बाहेरून कोयंडा वाजला आणि कुलूप लागलं.

थोड्या वेळाने पावलं खाली आली. "आणि ही खोली?" इंजिनिअरने विचारलं.

"अडगळ हो. किल्ली दादाकडे, आणि दादा गेलाय परगावी."

दादाने तोंड उघडलं. आपल्याच घरात कोंडलेल्या माणसाने काय म्हणून हाक मारायची? 'अहो'? 'कोणी आहे का'? हे ठरेपर्यंत बोलणं पुढे सरकलं होतं.

"बाई, बाकी घर ठणठणीत आहे," इंजिनिअर म्हणाला. "पण न पाहिलेल्या खोलीबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. किल्ली येईपर्यंत थांबा."

"किती थांबू? आमच्या घरमालकाने भाड्याची जागा सोडायला चार दिवस दिलेत." नर्सबाईंचा आवाज दमलेला होता. "याच खोलीबद्दल मी दादांना पत्र लिहिलं होतं. काही असतं तर त्यांनी कळवलं असतं. सज्जन वाटले मला."

"सज्जन? अहो, देवमाणूस!" भाऊ म्हणाला. "बसा, कागद काढतो. सही काय, दोन मिनिटांचं काम."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दादाने वर छताकडे पाहिलं. वाऱ्याने दार लागायला कितीसा वेळ लागतो? लेक ड्यूटीवर, आणि इथे या छताकडे बघत ती म्हातारी. तिला तर दारापर्यंतही येता येणार नाही.

पत्र पुस्तकातच होतं. त्याने ते उलटं केलं आणि पेन्सिलीने लिहिलं. या खेपेला मायना घातला नाही.

'मी आत आहे. खोली खचते आहे. कुलूप काढलंत तरी दार उघडणार नाही. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.'

एकदा वाचलं. 'क्षमस्व' बरं दिसलं असतं, पण खोडलं नाही.

तो गुडघ्यांवर बसला. दाराखालची फट सरळ नव्हती. एका टोकाला करंगळी जात नव्हती, दुसऱ्या टोकातून पंजा गेला असता. त्या टोकातून त्याने कागद अर्धा बाहेर सरकवला आणि दारावर दोनदा टकटक केली, हळूच, दुसऱ्याच्या घरी करावी तशी.

बाहेर खुर्ची पुन्हा सरकली.

आधी भावाच्या चपला आल्या. त्यातली एक कागदावर पडली आणि तिथेच राहिली.

मागोमाग पांढरे बूट आले.

"पाय काढा," नर्सबाई म्हणाल्या.

चप्पल हलली नाही. दादाने कागदाचं आपल्याकडचं टोक सोडलं नव्हतं. ते त्याने दोन्ही हातांनी पुढे रेटलं.

"पाय काढा म्हणते ना."

चप्पल उचलली गेली, आणि कागद त्याच्या बोटांतून निघून गेला.