उकिरड्यावरचा वेल

एकसष्ट सालच्या पावसाळ्यात घाटंजीला कोकिळेच्या उकिरड्यावर एक वेल आपोआप उगवला. कोणी म्हणे दुधी, कोणी म्हणे काकडी. "काय की माय, मले तं समजूनच नाही राह्यलं," असं कोकिळा सगळ्यांना सांगे, आणि लगेच दुसरा विषय काढे.

मागच्या दिवाळीत नवरा कापसाची गाडी घेऊन यवतमाळला गेला आणि दोघी नणंदा अचानक दारात उतरल्या. घरात भाजीचं पान नव्हतं. कोकिळेने शेजारच्या विमलताईंच्या छपरावरचं कोहळं गुपचूप उतरवलं. अख्खं कोहळं बाईने चिरायचं नसतं. म्हणून विमलताईंच्याच सासऱ्यांना, मोतीबिंदूने डोळे गेलेल्या नानाजींना, ती हाताला धरून घेऊन आली. त्यांना काय दिसतंय! नानाजींनी कोहळं चाचपलं, दोन फाका केल्या आणि काही न बोलता घरी गेले. बिया तिने उकिरड्यावर फेकल्या.

आता वेलाला फळ धरलं. विमलताई कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"कोहळंच होय वं, कोकिळा."

कोकिळा खाली वाकून शेण गोळा करू लागली.



"पिकलं की चिरायले नानाजीलेच बोलाव. आमच्या वेलाचं कोहळं ते हातानं ओळखतेत. मागच्या दिवाळीलेही ओळखलंच होतं."