उंचीची दोरी

शेजारची गिरणी सुरू झाली, भिंत थरथरली आणि उत्तमरावांनी विमान उचललं.

विमान म्हणजे मागच्या खोलीत गिरणीच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, पाय कापलेली खुर्ची. समोर खोक्याची फळी, तिच्यावर पावडरच्या डब्यांची गोल झाकणं, त्यांवर रंगवलेले आकडे आणि छत्रीच्या काड्यांचे काटे. दांडा कुदळीचा. पण कोणतं झाकण कुठे, दांडा गुडघ्यापासून किती दूर, सगळं खऱ्यासारखं. त्यात बोटभर चूक त्यांना खपत नसे.

त्यांचं खरं विमान कपाशीवर औषध फवारायचं. गेल्या हंगामात ते पडलं. वरच इंजिन बंद पडलं आणि घाबरून उत्तमरावांनी दांडा पोटाशी ओढला. नाक वर गेलं, वेग गेला, विमान कपाशीत. मोडलेला पाय जुळला, हाताची भीती गेली नव्हती. परवा नागपूरला परीक्षा होती. साहेब शेजारी बसून वरच इंजिन बंद करणार आणि यांचा हात कुठे जातो ते बघणार. हात चुकला की उडणं कायमचं संपलं.

फळीमागे पाटावर कोकिळा बसे, त्यांची बायको. डाव्या हातात वेगाची दोरी, उजव्यात उंचीची. दोरी ताणली की काटा चढे, सोडली की पडे. फळीच्या फटीतून तिला नवऱ्याचा हात आणि दांडा एवढंच दिसे. दांडा जसा हलेल तसे तिने काटे हलवायचे. जन्मात विमानाजवळ न गेलेली ही बाई त्यात इतकी तयार झाली की विमानाचं मन तुला कळतं, असं उत्तमराव म्हणत. सुरुवातीला एकदा उतरताना तिने उंचीचा काटा शून्यावर आणला, तर ते पोट धरून हसले होते. काटा समुद्रापासून मोजतो आणि आपलं बुलढाणं पडलं घाटावर. इथली जमीनच दोन हजार फुटांच्या वर. शून्यावर आणलंस म्हणजे मला जमिनीत गाडलंस, म्हणाले. ते गाडणं तिच्या जिवाला लागलं. तेव्हापासून ती काटा दोन हजारांच्या खाली जाऊ देत नसे.

सासू झुंबरबाई दारावरून जाताना, हाड मोडलं तरी हौस मोडली नाही, असं ऐकवत. खोलीत पाऊल मात्र टाकत नसत.

एकच गोष्ट कोकिळेने आजवर केली नव्हती. कधीतरी न सांगता इंजिन बंद कर, असं ते रोज विनवत. ती हो म्हणे आणि करत नसे. लुटुपुटूचं का होईना, नवऱ्याला पाडायला तिचा हात धजत नव्हता. काटे तिचे, वारा तिचा; विमान रोज सुखरूप उतरे. असल्या उतरण्याचा काही उपयोग नाही, हे दोघांनाही कळत होतं.

आज मात्र ज्वारीची टोपली घेऊन ती गिरणीवाल्या इंद्रभानशी बोलून आली होती.

उत्तमराव रंगात आले होते. खाली झुकून फवारा सोडत होते, पुन्हा वर चढत होते. तेवढ्यात भिंतीपलीकडचं इंजिन खोकलं आणि थांबलं. खुर्चीची थरथर थांबली. कोकिळेला त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला.

तिने फटीतून पाहिलं. हात पोटाकडेच गेला होता.

वेगाची दोरी तशीच ताणून धरली असती तर कोणाला कळणार होतं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दोरी सोडली आणि काटा पडू लागला.

उत्तमरावांनी काटा पाहिला. हात थबकला. मग सगळं अंग नको नको म्हणत असताना त्यांनी दांडा पुढे ढकलला, पडायच्याच दिशेला. कोकिळेने वेग परत दिला. उंची हळूहळू उतरवत आणली आणि दोन हजारांच्या जरा वर, बुलढाण्याच्या जमिनीवर, विमान अलगद टेकवलं.

मग उत्तमराव लंगडत फळीमागे आले आणि तिच्याजवळ खालीच बसले. दोरीने तिच्या बोटावर वळ उमटला होता. त्यावर ते अंगठा फिरवत राहिले.

"खरंच सोडली व्हती काय दोरी?"

"हाव."

"बरं केलं. आता मले भेव नाई."

"मले हाय," कोकिळा म्हणाली. "त्या विमानाच्या दोऱ्या माह्या हातात नसतीन."



परीक्षेच्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं. झुंबरबाई हाका मारून थकल्या आणि कधी नव्हे त्या मागच्या खोलीत आल्या. खुर्ची रिकामी होती. फळीमागे सून पाटावर बसली होती, दोन्ही दोऱ्या ताणून. उंचीचा काटा वर चढलेला होता आणि जरासुद्धा हलत नव्हता.

"काऊन वं, चुलीवर दूध जळून राह्यलं, अन् तू इथं?"

कोकिळेने मान वळवली नाही.

"जरा थांबा, आत्याबाई. ते अजून वरच हायेत."

झुंबरबाईंनी काट्याकडे पाहिलं. मग त्यांनी पदर खोचला आणि गुडघ्यावर हात टेकत सुनेला लागून बसल्या.

"एकटीच्यानं दोन्ही कशा धरवतीन," त्या म्हणाल्या. "एक माह्यापाशी दे."