रिकामे पाणी

केपटाउनच्या संगणक केंद्रात झोलेकाबाईंचा दंडक होता. नौकेची संगणकावरची चाचणी आटोपली की पडद्यावरून नौका काढावी आणि नुसते पाणी एकदा चालवून पाहावे. ते निश्चल राहिले, तरच नौकेला समुद्रात उतरण्याच्या मंजुरीची सही.

आजची मासेमारी नौका उत्तम तरली होती. दुपारी धक्क्यावरच्या खऱ्या नौकेवरून त्यांचा धाकटा मुलगा, लुंगिसा, पहिल्यांदाच समुद्रावर जाणार होता.

"करून टाका सही, सिसी," सहकारी सिविवे म्हणाला; तो बाईंना 'ताई' अशा अर्थाने सिसी म्हणे. "पोरगं धक्क्यावर तुमच्या नावानं शंख करत असेल."

"करू दे. आधी पाणी."

त्या पाण्याचे शेकडो तुकडे केलेले होते. प्रत्येक तुकडा एक संगणक सांभाळी आणि काठावरची हालचाल शेजाऱ्याला कळवी.

बाईंनी नौका काढून पाणी चालवले, तोच एका तुकड्यात ते बाजूला सरले, माणसाच्या देहाएवढे. ती पोकळी काठ ओलांडून शेजारी गेली, मग त्याच्याही पुढे.

"शेजाऱ्यांच्या खोट्या चहाड्या," सिविवे पुटपुटला. त्याने सारे पुसून पुन्हा सुरू केले.

पोकळी पुन्हा उमटली आणि नौकेच्या मोकळ्या जागेभोवती फिरू लागली.

बाईंनी लेखणी खाली ठेवली.

पोकळी थांबली. वरच्या अंगाला, उंचावलेल्या दोन हातांना वाट द्यावी तसे पाणी दोन जागी फाकले. मग ते हळूहळू मिटू लागले.