उलटी पाटी

राउटरचं पातं सागवानात शिरलं आणि महेंद्रने जागेवरच दोन उड्या मारल्या. "चाललं! सीमा, बघ, कुणी हात न लावता चाललं!"

१९९८ सालातला रविवार होता. नगरच्या एमआयडीसीत महेंद्रच्या मालकांचा, काकासाहेबांचा, लाकडी साच्यांचा कारखाना. तिथं कॉम्प्युटरवर चालणारं, लाकूड कोरणारं सीएनसी राउटर मशीन नुकतंच आलं होतं आणि ते चालवता येणारा महेंद्र एकटाच. सुट्टीच्या दिवशी घरची पाटी कोरायची परवानगी त्याने महिनाभर मागे लागून मिळवली होती. सावेडीतल्या नव्या घरात उद्या राहायला जायचं होतं. दारावर नाव आईचं लावायचं, हे त्याने आणि त्याच्या बायकोने, सीमाने, केव्हाच ठरवून टाकलं होतं. मशीनला मराठी येत नव्हती. मग महेंद्रने अक्षरं ट्रेसिंग पेपरवर काढली, आठवडाभर खपून एकेका वळणाचे आकडे मोजले आणि मशीनला भरवले.

भुसा उडत होता. त्याची आई, बनाबाई, पदर नाकाला लावून हसून हसून बेजार. "लई गुदगुल्या होत्यात रं त्या लाकडाला!"

मशीन थांबलं. महेंद्रने फुंकर मारली. भोवतालचं लाकूड खरवडून अक्षरं टचटचीत उठून आली होती. सीमाने मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे.

"अहो, हे आरशात वाचायचंय का?"

ट्रेसिंग पेपर उलटा धरून महेंद्रने आकडे मोजले होते. सगळं नाव उजवीकडून डावीकडे पळत होतं. सागाची फळी एकच होती आणि उद्यापासून मशीन पुन्हा कारखान्याच्या कामाला. सीमाला हसू आवरेना. महेंद्र मटकन स्टुलावर बसला.

बनाबाईने अक्षरांवरून बोट फिरवलं. "यात बिघडलं काय? शिक्क्यावर नाव उलटंच असतंय. रंग लावा अन् उठवा!"

महेंद्र असा हसत सुटला, की त्याला उचकी लागली.

एका स्कूटरवर तिघं, मधे पाटी, असे ते सावेडीत पोचले. दारांचा उरलेला विटकरी रंग पाटीला फासला. दाराशेजारच्या पांढऱ्या भिंतीला पाटी टेकवून तिघांनी खांदे लावून रेटलं. चप्प असा आवाज करत पाटी सुटली. भिंतीवर सुलट, ठसठशीत उमटलं होतं: बनाबाई पगारे.

"आई, तुला सुचलं कसं गं हे?" महेंद्रने उचकी देत विचारलं.

बनाबाईने रंगाचे हात कमरेवर ठेवले.

"राहात्याच्या कचेरीत बावीस वर्षं झाडू मारला. सायबांचे शिक्के रोज मीच पुसायची," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आता ह्यो माजा. बघू कोण पुसतंय!"