राजाविरुद्धच्या तक्रारी

केयाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा शंतनू मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. नेपरव्हिलच्या लायब्ररीत दरवर्षी चार जुलैच्या आधीच्या शनिवारी गावकरी मिळून अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचतात. इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या तक्रारी एकेकाच्या वाट्याला येतात. कोणी काय वाचायचं ते नरेंद्रकाका ठरवतात. काका निवृत्त डॉक्टर. इथले नागरिक होऊन त्यांचं अर्धं आयुष्य उलटलेलं.

केया माइकपाशी गेली. परदेशातून आलेल्यांना नागरिक करून घेणारे कायदे राजानं अडवून धरले, ही तक्रार तिच्याकडे आली होती. तिनं ती कुठेही न अडखळता, खणखणीत आवाजात वाचली.

शंतनूनं मान खाली घातली. येत्या आठवड्यात केयाला एकवीस वर्षं पूर्ण होणार होती. बापाच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातून मुलांचं नाव त्या वयाला आपसूक गळतं. स्टुडंट व्हिसा मागून पाहिला, तोही नाकारला गेला. कडेवर बसून या देशात आलेली पोर आता बुधवारी एकटीच नाशिकला, मावशीकडे निघाली होती. केयाची आई चारुता घरी तिची बॅग भरत होती. कार्यक्रमाला येणं काही तिच्यानं झालं नाही.

टाळ्या वाजल्या. कार्यक्रम संपल्यावर काका गर्दीतून वाट काढत आले.

"काय सुरेख वाचते रे तुझी लेक! आणि तुझं ग्रीन कार्ड? झालं का?"

"अजून रांगेतच आहे, काका."

"लागेल नंबर. आमचाही लागलाच की. जरा धीर धरायचा." मग त्यांनी केयाच्या पाठीवर थोपटलं. "पुढच्या वर्षी सुरुवातीचा भाग तुझा. आत्ताच बुक करून ठेवतो."

"शुअर, काका," केया म्हणाली.

शंतनूनं पार्किंगमधून गाडी बाहेर काढली.

"काकांना सांगितलं का नाहीस?"

"ही वॉज सो हॅपी, बाबा." केया खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "तुमचा नंबर लागला ना, तर माझ्यामुळे सोडू नका. तुम्ही आणि आई घ्या. प्लीज."

"नाही लागणार, केया."

हे वाक्य त्यानं इतक्या वर्षांत घरात कधी उच्चारलं नव्हतं. चारुतासमोरसुद्धा नाही.

"आय नो," केया म्हणाली. "टेन्थ ग्रेडमध्ये असताना मी ऑनलाइन वाचलं होतं, इंडियन्सची लाइन आयुष्यभरात संपत नाही म्हणून. तुम्ही दोघं रोज होप ठेवून होतात, म्हणून बोलले नाही."